गोदूआत्याच्या पिंपातली डिस्क

महाड स्टँडवर पोलादपूरच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे फोटो स्टुडिओवाले येसाजीकाका आणि मुंबईहून आलेला त्यांचा पुतण्या यशराज उभे होते.

"काका, स्टुडिओतली फोटोंची बिघडलेली डिस्क दुरुस्त व्हायला लागली."

"काल तर कॉम्प्युटर मधीच बंद पडत व्हता?"

"मेमरी पुरत नव्हती. चाळीस लाख फोटो आहेत. कुठला कुठं आहे, ते सगळं दुरुस्ती होईपर्यंत त्याला एकदम लक्षात ठेवावं लागतं."

"मंग?"

"मावत नाही तेवढं दुसऱ्या डिस्कवर लिहायला लावलं."

"दुसरी कुठून आनलीस रे?"

"डोंगरावरच्या वाडीवरून. गोदूआत्याच्या तांदळाच्या पिंपात एक पडून होती. पुसून कोरी केली."

"कोरी केलीस?"

"जागा नको का?"

"यशा, पुराचं पानी स्टुडिओत चढतं म्हनून सगळ्या फोटोंची दुसरी प्रत त्या पिंपात ठेवली व्हती रे! गोदूला बजावलं व्हतं, खाली पानी चढलं तरच द्यायची."

"मला कुठं ठाऊक होतं, काका?"

"तिनं काय इचारलं नाय तुला?"

"विचारलं. 'पानी चढलं काय रे?' म्हणाली."

"मंग?"

"भर उन्हात काय विचारते, म्हणून मी हसलो आणि हो म्हणालो, काका."