दाजी, हवा जातेय

...नाही, पण मी म्हणतो, अकॉर्डियनचा भाता फाटायला हाच मुहूर्त सापडावा? तुम्हाला सांगतो, बायकोच्या भावाबरोबर जेवावं, भांडावं, पण वाजवू नये.

आता तुम्ही म्हणाल, अकॉर्डियन तर आहे, एकट्याने वाजवा... कसं वाजवू? अर्धी चाल माझ्या अकॉर्डियनवर, अर्धी मेहुण्याच्या. तो गेला तर माझं वाजवणं म्हणजे फोनवर बोलणाऱ्याचं एकाच बाजूचं ऐकल्यासारखं. आणि हा पठ्ठ्या विंगेत, घंटा व्हायच्या आधी मला सांगतो, "दाजी, आजचा कार्यक्रम पडला तर मी सोडणार. फर्निचरचं दुकान बरं."

पहिली रचना तीनशे वर्षांपूर्वीची, नाजूक. आमचा नियम असा, की मेहुण्याने मान हलवली की दोघांनी भाता ओढायचं थांबवून दाबायला लागायचं. नियम त्याचाच बरं का. आणि स्वारी डोळे मिटून तल्लीन! मान हलेना. मी ओढतोय, ओढतोय, हात पार शेजारच्या गावाला पोचले... फर्रर्र.

झालं. प्रत्येक सुरामागे सूंऽऽ. हा ओठ न हलवता म्हणतो, "दाजी, हवा जातेय." म्हटलं, कळतंय, माझीच आहे. म्हणून म्हणतो, बायकोच्या भावाबरोबर वाजवू नये.

मग शंभर वर्षांपूर्वीचं नाचाचं गाणं. त्यात सूं बरोबर ठेक्यावर, आणि लोक त्यावर पाय आपटतायत. मध्यंतरात आमच्या हिने पर्समधल्या जखमेच्या पट्ट्या काढल्या. "नीट चिकटवा, माझ्या भावाच्या भवितव्याचा प्रश्न आहे." आणि माझं काय, मी काय भाड्याने आणलाय?

शेवटची रचना या वर्षीची. तिच्यात संगीतकारानेच लिहिलंय, की इथे सूर नको, नुसती हवा सोडा. त्याला वेगळं बटण असतं. आम्ही दाबलं, सूंऽऽ, सभागृह चिडीचूप... आणि विंगेतून पडदेवाला धावत आला, हातात चिकटपट्टीचा हा एवढा गठ्ठा, "साहेब, थांबा, अजून हवा जातेय!" आणि बसला की गुडघ्यावर, माझा भाता चिकटवत. मेहुणा पांढराफटक. मी मनात म्हटलं, गेला हा फर्निचरच्या दुकानात.

तर लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत. पहिल्या रांगेतले व्यवस्थापक डोळे पुसत वर आले. "तिन्ही काळांतून एकच श्वास, आणि शेवटी तो जपणारा माणूस... वर्षभर हाच कार्यक्रम करा. फक्त भाता दुरुस्त करू नका." मेहुणा मान झुकवून म्हणतो, "कल्पना माझीच." तेव्हा बरी हलली मान.

पण राहिला हो तो. खोटं कशाला बोलू, विंगेत जाऊन मी डोळे पुसले.

आता पडदेवाला तिसरा कलाकार, त्याचा फोटो आमच्यापेक्षा मोठा. आणि काल कार्यक्रमाआधी मेहुणा कात्री घेऊन आला, "दाजी, सूं जरा कमी येतोय, थोडं वाढवू का?"

म्हटलं वाढव बाबा. बायकोच्या भावाबरोबर वाजवू नये... पण त्याच्याशिवाय वाजतच नाही, त्याला काय करता.