पान सत्तावन्न

संपादक : निघाल्या शुद्धलेखनाच्या चुका, तर बिनधास्त सांगा, बाई. सरांचं चरित्र आजच छपाईला जायचंय.

बाई : शुद्धलेखन चोख आहे. फक्त पान सत्तावन्नवर मी मेलेय.

संपादक : म्हणजे, तुम्ही सरांच्या...

बाई : पत्नी. पोट भरायला मुद्रितं तपासते. छापखान्यानं ही नेमकी माझ्याकडेच धाडली.

संपादक : अरे बापरे! बसा ना. आम्ही धरून चाललो होतो, तुमच्या वाचनात येणार नाही म्हणून.

बाई : माझं मरण खुशाल छापा. पण ते माझं नाही हो. तीन दिवसांचा ताप, कपाळावरच्या पट्ट्या, 'खिडकी उघड ना' म्हणणं, सगळं आमच्या मुलीचं आहे. नऊ वर्षांची होती. आणि उशाशी मी होते. हे परगावी, व्याख्यानाला. विषय होता करुणा.

संपादक : सरांचं अख्खं तत्त्वज्ञान त्या उशीवर टेकलंय, बाई. 'मरणाऱ्याच्या उशाशी बसा, जगणं कळेल.' लोक चांगल्या नोकऱ्या सोडून येतात हो हे ऐकायला.

बाई : येऊ देत. यांना बसवा उशाशी, माझी ना नाही. पण पलंगावर तिला राहू द्या. मुलगी होती, एवढी एक ओळ घाला.

संपादक : पहिल्या मसुद्यात मुलगीच होती. सरांनी खोडली. म्हणाले, मूल गेलं की वाचक रडत बसतो, बायको गेली की विचार करायला लागतो.

बाई : मग मला त्यांच्याशीच बोलू द्या.

संपादक : सर चिंतनात आहेत.

बाई : चहा भुरकल्याचा आवाज येतोय.

(आतल्या खोलीतून, दार न उघडता)

सर : कोण आलंय रे?

संपादक : मुद्रितं तपासणाऱ्या बाई, सर. सत्तावन्नाव्या पानाचं काहीतरी म्हणतायत.

सर : वा! विचार त्यांना, वाचताना रडू आलं का?

संपादक : बाई, काय सांगू?

बाई : आलं म्हणावं.

संपादक : आलं म्हणतात, सर.

सर : मग दोन ओळी जास्त झाल्यात. काप.