पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

वृद्धाश्रमाच्या ऑफिसात मायलेक बाकावर बसले होते. पडद्यांचं माप घ्यायला आलेली शिंपीणबाई टेप लावून खिडकीशी उभी होती, पण तिचे कान बाकाकडेच होते.

"आई, मॅडमना आपली भाषा येत नाही. इथे राहायचंय का, असं विचारतील. तू म्हणायचं, आय वाँट टू लिव्ह हिअर."

"आय वाँट टू लीव्ह हिअर."

"लीव्ह नाही गं, लिव्ह. ऱ्हस्व. लिव्ह म्हणजे राहणं. दीर्घ म्हटलंस तर 'मला इथून जायचंय' असं होतं."

"एवढ्याशा वेलांटीनं?"

"हो. त्या नाही म्हणाल्या तर माझी पंचाईत होईल. घरी तुझ्याकडे बघायला कोण आहे?"

"माझ्याकडे काय बघायचंय? मी टीव्ही आहे का?"

"आई, आपलं बोलून झालंय यावर."

"तुझं झालं. मी नुसती ऐकत होते."

"बरं, म्हण बघू परत."

"लिव्ह."

"शाब्बास! अस्संच म्हण."

"लहानपणी तू 'दिवस'ला दीर्घ दी काढलीस की मी धपाटा घालायचे. आठवतंय?"

"आठवतंय. गप्प, आल्या बघ."

मॅडम हसत समोर बसल्या आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं. शिंपीणबाईची टेप जागीच थांबली.

"आय वाँट टू लीऽऽव्ह हिअर."

"आई, ऱ्हस्व! सॉरी मॅडम, तिला म्हणायचं होतं की..."

"तेच म्हणायचं होतं. दुसरी वेलांटी आहे ती, बाळा. उचल माझी बॅग."