अण्णांच्या नावानं ॲव्हरेज

जमलेल्या भावांनो, मायबहिणींनो, पावण्यांनो, आणि सोपानअण्णांच्या गाडीतनं रोज हिंजवडीला जाणाऱ्या पोरापोरींनो.

बोलायला उभा राहिलोय खरा. सकाळी नदीवर अण्णांचा दहावा झाला. मी स्टेरिंगवर बसणारा माणूस, माइकची सवय न्हाई. कासार आंबोलीच्या फाट्यावरनं अण्णा आणि मी एकामागं एक गाड्या काढायचो. त्यांची पुढं, माझी मागं. लई वर्सं. आता पुढची जागा मोकळी हाय आणि मला तिच्याकडं बघवत न्हाई.

मला तिघाचौघांनी सांगितलं, शिवराम, दोन बरे शब्द बोल. सांगून गेले, परत आले, परत सांगितलं. तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट कोण बोलतं? मग ही ताकीद कशापायी?

फाट्यावरचा फ्लेक्स तुमी समद्यांनी बघितलाय. वर भावपूर्ण श्रद्धांजली, मधी अण्णांचा फोटो. अण्णा बॉनेट उघडून उभे हायेत. आणि खाली? खाली बारीक अक्षरात काय लिवलंय, ते वाचलं का कुणी? 'अण्णांनी विश्वास ठेवला, गाडीचं ॲव्हरेज वाढलं. तुम्हीही ठेवा.' शेजारी लाल पाइपचं चित्र आणि दुकानाचा पत्ता.

सोपानअण्णांनी इस्वास ठेवला? भावांनो, तुमी अण्णांना वळखत व्हता ना? हा माणूस पंपावर खाली उतरून मशीनवरचं शून्य बघितल्याबिगर टाकीत नळी घालू द्यायचा न्हाई. पुतणीला स्थळ आलं तर पोराच्या घरी जायच्या आधी त्याच्या शेजाऱ्याकडं चहा प्यायला जायचा. आमी त्यांना शंकासूर म्हणायचो, आणि तोंडावर म्हणायचो. त्या माणसानं इस्वास ठेवला?

काय झालं ते सांगतो. अण्णांच्या धाकट्या भावाचा पोरगा, प्रतीक. ह्यो समोर बसलाय. त्यानं नांद्याला गाड्यांच्या सामानाचं दुकान टाकलं. काकाच्या गाडीतला हवेच्या फिल्टरचा काळा डबा काढला आणि तितं तो लाल पाइप बसवला, तोंडाला उघडा फिल्टर. म्हणला, काका, इंजिनाला मोकळी हवा मिळाली की पेट्रोल कमी पितं. तवाच फोटो काढला. नीट ऐका. फोटो पाइप बसवल्याच्या दिवशीचा हाय. ॲव्हरेज तवर कुणी काढलंबी नव्हतं.

मग प्रतीकनं ॲव्हरेज काढलं. पौडला टाकी फुल केली, ताम्हिणी घाट उतरून माणगावला गेला, तितं परत फुल केली आणि फोन केला की लई वाढलं. हितल्या समद्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडं रीतच ती हाय. नवी गाडी घ्या न्हाईतर गाडीला नवं कायतरी बसवा, घाट उतरायचा आणि आकडा सांगत सुटायचं. अण्णा एवढंच म्हणले, "उतारानं बैलगाडीबी ॲव्हरेज देती. येतानाचं सांग."

येतानाचं कुणी सांगितलं न्हाई. मग अण्णा स्वतः निघाले. जाऊन येऊन, एकाच पंपावर, एकाच मशीनवर. तरी आकडा जरासा चांगला आला. अण्णांनाबी वाटलं, पोराचं खरं असंल. पण शेजारी अण्णांच्या मालकीण, हिरावहिनी बसल्या व्हत्या. त्या म्हणल्या, "आवं, आज तुमी सासुरवाडीला निघाल्यागत चालवताय. रोज असं चालवता व्हय?"

झालं. नवी वस्तू बसवली की पाय आपोआप जपून पडतो, हे अण्णांच्या ध्यानात आलं आणि ते स्वतःवरच संशय घ्यायला लागले. मग रोजच्या वाटंवर, रोजच्या पॅसेंजरसंगं, कधी डबा बसवून तर कधी पाइप बसवून गाडी चालवली. फरक? फरक कायबी न्हाई.

जांब्याला भाड्यानं राहणाऱ्या, गाड्यांच्या कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या एक मॅडम त्यांच्या गाडीत असायच्या. त्या मागं उभ्या हायेत. त्यांनी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत सांगितलं. आताच्या गाडीत कॉम्प्युटर हवा मोजतो आणि हवेच्या मापानं पेट्रोल सोडतो. हवा जास्त आली तर पेट्रोलबी जास्त जाणार. आणि साध्या चालीत इंजिनाला एवढी हवा लागतच न्हाई. फिल्टर साफ असला की झालं. आता अण्णांनी हे लगेच मानलं असंल व्हय? दुसऱ्या दिवशी तेच उलटं फिरवून इचारलं, मॅडम फसत्यात का ते बघायला. मॅडम फसल्या न्हाईत.

पुढं उन्हाळा लागला. ट्रॅफिकमधी गाडी उभी राहिली की तो उघडा फिल्टर बॉनेटमधलीच गरम हवा ओढायचा. नांद्याच्या बांधकामांची धूळ तुमाला ठावं हाय. प्रतीकनं फिल्टर धुवून त्याला तेल लावलं, ते तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं. गाडी धक्के खायला लागली आणि ॲव्हरेज उलटं घसरलं. अण्णांनी सेन्सर साफ करून घेतला, काळा डबा परत बसवला आणि पाइप शेरडांच्या गोठ्यात टांगला.

मग अण्णा बोलले का न्हाईत? मीबी इचारलं. म्हणले, "शिवा, पोरगं नवं हाय. रानं इकून झाली, आता दुकान हेच त्याचं रान. मी बोललो तर कोण पायरी चढंल? मी गप बसतो. ज्याला शंका येईल तो इचारायला येईल."

कोण आलं इचारायला? कुणी न्हाई. पाइप बसलेला समद्यांनी बघितला, निघालेला कुणी बघितला न्हाई. एवढ्या शंकासुरानं बसवला म्हंजी खरंच असणार, असं म्हणून तुमच्यातल्या किती जणांनी बसवून घेतला, ते तुमचं तुमाला ठावं. मला वाईट वाटतं ते ह्याचं. आयुष्यभर ज्यानं खात्री केल्याबिगर शब्द काढला न्हाई, त्याच्या नावावर न बोललेला शब्द खपला. आता तर फोटोसकट खपतोय.

काल मी हिरावहिनींकडं गेलो. इचारलं, बोलू का गप बसू? मला वाटलं, म्हणतील घरातलं घरात राहू द्या. वहिनी म्हणल्या, "ते पोराच्या मायेनं गप बसले. आता त्यांच्या तोंडात दुसऱ्याचं बोलणं घातलंय, आणि न्हाई म्हणायला ते न्हाईत. तुमी बोला."

म्हणून बोलतोय. प्रतीक, खाली बघू नगं. तू म्हणतोस, मजकूर पाइपवाल्या एजंटानं परस्पर छापला. खरं असंल. खोटंबी असंल. मी अण्णांचा दोस्त हाय, माझा चटकन इस्वास बसत न्हाई. तुझं दुकान चालू दे, अण्णांची तीच इच्छा व्हती. दिवे इक, सीटकव्हर इक. आवाजाची हौस असंल त्याला पाइपबी इक. फकस्त ॲव्हरेज वाढतं म्हणून इकू नगं, आणि चुलत्याचं तोंड दाखवून तर अजिबात न्हाई.

आणि बाकीच्यांनो, माझ्यावरबी इस्वास ठेवू नका. तुमी स्वतः जाऊन या आणि येतानाचा आकडा सांगा. अण्णांना तेच आवडलं असतं.

आता समद्यांनी उभं राहा. अण्णांसाठी दोन मिनिटं गप राहू. जित्तेपणी ते एकदा मायेनं गप बसले आणि लोकांनी तो होकार समजला. तसं परत व्हायला नगं, म्हणून गप राहायच्या आधी बोलून घेतलं.

अण्णा, तुमचं राहिलेलं बोलून झालं. आता निवांत जावा.