देवघरातलं चौदावं पान

...नाही, आता तुमीच सांगा, पुस्तक देवघरात ठेवलं हा काय गुन्हा झाला? नवी गाडी दारात आली, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, बोनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, अन् शोरूमच्या पोरानं किल्लीसंगं एक जाडजूड पुस्तक हातात दिलं. म्हणे, "मॅडम, हे सांभाळून ठेवा, सगळं यातच आहे." सगळं यातच आहे म्हटल्यावर माणूस ते कुठं ठेवंल? फ्रिजवर? मी लाल कपड्यात गुंडाळलं, देवघरात पोथ्यांच्या खाली ठेवलं, अन् तुमाले सांगते, वर्षभर रोज सकाळी त्याले हळदकुंकू वाह्यलं. रोज! एका दिवसाचा खाडा नाही!

फक्त... उघडलं नाही.

पोथीचा चौदावा अध्याय विचारा, झोपेत म्हणून दाखवते. पण या पुस्तकाचं चौदावं पान? ते मले शोरूमवाल्यायनं शिकवलं.

झालं असं, की गाडीचे दहा हजार किलोमीटर भरले अन् आमचे हे म्हणाले, "अवं, उद्या अकोल्याले सर्विसिंगले नेतो, तेल बदलावं लागते." मी कालनिर्णय पाह्यलं, तं पितृपक्षाची दुसरी तिथी! मी म्हटलं, "अहो, या पंधरवड्यात आपण नवं फडकं घेत नाही, अन् तुमी गाडीत नवं तेल घालता?" हे म्हणे, "गाडीले कोणते पितर आले?" थट्टा! मी ऐकते का? पितृपक्ष सरला तं घट बसले. नऊ दिवस अखंड दिवा, तेलाची धार तुटू द्यायची नाही, अन् हे तिकडं तेल काढून फेकायले निघाले! राह्यलं. मंग दसरा आला. दसऱ्याले गाडीची पूजा असते का गाडीचं पोट खोलून ठेवायचं असते? तुमीच सांगा! कोजागिरी झाल्यावर गेली एकदाची. महिना उशीर, अठराशे किलोमीटर वरून. शोरूमवाल्यायनं तेल बदललं, गोड हसले, "हॅप्पी दिवाली मॅडम" म्हणाले, अन् उशिराचा एक शब्द काढला नाही. एक शब्द नाही!

आता ही गाडी घेतली कोणासाठी, ते राह्यलंच सांगायचं. माह्या आईसाठी. गोजराबाई तिचं नाव, रिठदले भावाकडं राहे. गाडी आली तवापासून "येईन सवडीनं" म्हणत राह्यली, अन् मंग श्रावणात पडली, खुब्यातून मोडली, बसची पायरी काही चढता येईना. आमी शेलूबाजारले घर बांधलं त्याले तीन वर्षं झाली, तिनं पाह्यलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर गाडीत बसवा. मी नवस बोलले, देवा, आई चालाले लागू दे, याच गाडीत बसवून तिले माह्या दारात आणीन.

दिवाळी झाली, निघालो. रिठद चार किलोमीटर राह्यलं, अन् इंजिनातून आवाज आला, जात्यात खडा सापडल्यासारखा... घर्रर्र... धूर, अन् बंद. देवाचं नाव घेतलं, किल्ली फिरवली, काही नाही. शेवटी ऑटोनं गेलो. आई ओट्यावर बसलेली, हिरवं लुगडं नेसून, मांडीवर गाठोडं. माह्यामागं पाहून म्हणे, "गाडी कुठंशी हाय वं?"

"बिघडली माय. आठ दिवसांत येते."

"मंग आठ दिवसांनी येईन. कायची घाई हाय?" अन् गाठोडं खोललं नाही. तसंच खुंटीले टांगलं.

इकडं शोरूमात तो टाय लावलेला साहेब बोट ठेवून सांगते, "सर्विस एक महिना लेट आहे, मॅडम. वारंटी लागू होत नाही. पान चौदा पाहा." मी म्हटलं, भाऊ, तेल तं तुमीच बदललं ना? "हो मॅडम, पण पान चौदा." आमच्यासंगं शेलूबाजारचा संघपाल मिस्त्री होता, गुणी पोरगा, त्यानं खोललेलं इंजिन पाह्यलं अन् म्हणे, "काकू, तुमच्या पितरायचा दोष नाही अन् तेलाचाबी नाही. तेलाचा पंपच पह्यल्यापासून कच्चा हाय." साहेब म्हणे, "बाहेरच्या मेकॅनिकचं मत ग्राह्य नाही. पान चौदा." अन् रिपोर्टात काय लिहिलं माहिताय? 'इंजिनावर लाल-पिवळा बाह्य पदार्थ आढळला.' बाह्य पदार्थ! अहो, दसऱ्याचं हळदकुंकू होतं ते!

मंग साहेबानं विचारलं, "एवढा उशीर का झाला?"

मी तोंड उघडलं... अन् त्याच्या आत हे म्हणाले, "मी विसरलो."

अडतीस वर्षं मास्तरकी केली या माणसानं. पहिल्या वर्गातल्या चाळीस पोरांची हजेरी आजही तोंडपाठ आहे. हे विसरले! मी खाली मान घालून फरशी पाहात राह्यले. गाडीत... नाही, गाडी कुठं होती... बसमध्ये बसल्यावर म्हटलं, "असं काहून बोलले?" तं खिडकीबाहेर पाहात म्हणे, "तुह्या देवाले कायले मधात घ्यायचं?"

मंग अर्ज. मंग फोन. एक दाबा, दोन दाबा, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे... महत्त्वाचा आहे तं उचल ना! मी सोळा सोमवार धरले, वरून अकरा गुरुवार. दर गुरुवारी आईले फोन, "आई, पुढच्या गुरुवारी नक्की." ती म्हणे, "हो वं." हे म्हणत, "शेलूबाजारात जीपा काय कमी हायेत? एक करू, म्हातारीले घेऊन येऊ." अन् मी? मी म्हणे, "नाही! याच गाडीत आणीन म्हणून बोलले आहे देवाजवळ." नवस फिरवते का कोणी? चौदावं पान त्यायचं तसं हे माह्यं. त्यायनं एक अक्षर सोडलं नाही, मीही नाही सोडलं.

माघात आई गेली. गुरुवार नव्हता. मंगळवार होता.

फाल्गुनात कंपनीचं पत्र आलं, 'ग्राहकाप्रती सदिच्छा म्हणून' इंजिन फुकट बदलून देत आहोत. म्हणजे होत होतं! पान चौदा असून होत होतं!

गाडी आली. पहिली फेरी रिठदची, ठरल्याप्रमाणं. भावजयीनं खुंटीवरचं गाठोडं काढून दिलं. दोन लुगडी, चष्मा, अन् माह्यासाठी मुगाच्या वड्या. मी मागं बसले, गाठोडं पुढच्या सीटवर ठेवलं. तं गाडी टुणटुण टुणटुण वाजाले लागली. मी घाबरले, आता कोणतं पान? हे म्हणाले, "काही नाही. सीटवर वजन आहे, पट्टा नाही." खाली उतरले, पलीकडून आले, अन् गाठोड्याले नीट पट्टा लावून दिला.

पुस्तक आता टेबलावर असते. चष्मा लावून सगळं वाचलं मी, चौदावं पान तं दोनदा. पुढच्या सर्विसची तारीख काचेवर चिकटवून दिली शोरूमवाल्यायनं. परवा कालनिर्णयात पाह्यली... नेमका पितृपक्ष! ह्यायनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, न्या. त्याच दिवशी न्या, सकाळीच. आता माही आईच पितरांत आहे, ती काही दोष लावणार नाही.

फक्त जाताना पुढची सीट रिकामी ठेवा. त्या पंधरवड्यात पितर घरी येतात म्हणे... अन् तिले बसची पायरी चढता येत नाही.