खाऱ्या टाकीतलं पुण्य

टाकीची काच जराशी हिरवट दिसली आणि मी तपासणीचा किट घेऊन धावले. समुद्रापासून लांबच्या आमच्या रनाळ्यात खाऱ्या पाण्यात मासे आणि जिवंत प्रवाळ पाळायची थोर कल्पना दादाची. साहेब स्वतः ट्रेनिंगला सुरतला, आणि प्रवाळांची राखण माझ्याकडे! पाणी तपासलं, तर फॉस्फेट चढलेलं. असंच चढलं तर शेवाळ माजून प्रवाळ मरणार. दादाला फोन लावला, तो उचलेना.

पप्पा म्हणाले, "फॉस्फेट? मन्हा मिरचीले हाई खत मी इकत आनस, तुन्हा माशासले फुकट भेटी ऱ्हायनं!"

धीर द्यावा तर असा.

मी निम्मं पाणी बदललं, फिल्टर धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मागे वळून बघते, तर आई टाकीत कणकेच्या गोळ्या सोडतेय. मी किंचाळलेच.

"वरडस काय? मी रोज टाकस. पुन्य लागस."

मी सांगितलं, मासे खात नाहीत ती कणीक कुजते आणि तिचंच फॉस्फेट होतं.

"मन्हावर काय वरडस? तुन्हा दादाले इचार."

मी पुन्हा फोन लावला. या वेळी साहेबांनी उचलला.

"अव, मीच सांगं आईले कणीक टाकाले. तू भित्री, फॉस्फेटले भ्याईसन माशासले उपाशी मारशी!"