उतरलास की फोन कर

हॅलो?… हॅलो, कोण?… अरे, तू! हो, हो, येतोय आवाज. बोटीवरून ना?… आधी तू बोल… नाही, तू… बघ, पुन्हा दोघं एकदम बोललो. तुझं बोलणं इथे पोचेपर्यंत माझं निघालेलं असतं.

बरी आहे रे मी… आवाज? घसा बसलाय जरा. हवा बदललीये ना.

बाबा?… आहेत की. आतल्या खोलीत. पडलेत.

नाही रे, फोन आत नाही नेता येत. बॅटरी संपलीये, चार्जरची केबल लावलीये, आणि ती मेली अशी वाकडी दाबून धरली तरच चालते. पालीसारखी भिंतीला चिकटून उभी आहे बघ मी… काढली की बंद पडतो फोन… हो रे बाबा, घेते नवीन. केबलवाल्याच्या घरात एक केबल धड नाही, कळतंय मला.

तुझं सांग. सापडलं का समुद्रातल्या केबलचं ते तुटलेलं टोक?… अगंबाई! दोन्ही वर काढलीत? मग राहिलं काय?… जोडायचं. हं… हं… केसाएवढ्या काचेच्या तारा? आणि एकेक करून?… निम्म्या झाल्या… आणि हात जरा हलला तर?… अरे देवा, पुन्हा पहिल्यापासून?

दुसरं कोणी नाही का तिकडे जोडणारं?… ताप आलाय त्याला. म्हणजे तूच… हो, वाचलं की. अख्ख्या बेटाचे फोन बंद पडलेत म्हणे. लेकरं परगावी आणि आया जिवाला घोर लावून बसलेल्या.

वन्सं, जरा दार लोटून घ्या हो… नाही, तुला नाही म्हणाले. आत्या आलीये तुझी… सहजच. भावाला बघायला… काकापण आलेत… अरे, येऊ नये का माणसांनी?

कोण रडतंय?… छे, कोणी नाही. टी… टीव्ही आहे तो. मालिका लागलीये. आत्याला लागते ना दुपारची.

…

हो. मीच सांगितलं होतं तुला. केबल उंदरानं कुरतडलीये, टीव्ही बंद आहे… हो, आठवडा झाला… अरे, ऐक ना. ऐक ना माझं.

जोडून बघितली रे मी. हे पडल्या पडल्या सांगत होते, वरचं साल सोल, आतली तार दुमडू नको, पिन घट्ट बसव. बसवली. काही दिसेना. आणि आज सकाळी एकदम डोळे उघडून विचारलं, ‘चित्र आलं का?’… हो, अगदी तसंच! गच्चीवरून ओरडायचे ना, तसं. ते वर वायर धरून, मी खाली टीव्हीसमोर. ‘चित्र आलं का?’ की मी ओरडायची, ‘मुंग्या!’ मग परत पिळायचे. सगळी गल्ली हसायची आम्हाला. अर्धा संसार ओरडण्यातच गेला आमचा.

आज?… आज म्हटलं, आलं. स्वच्छ आलं, म्हटलं… टीव्ही चालूही नव्हता रे… हसले. म्हणाले, ‘आता हात लावू नको.’

मग?… मग काय…

बाळा, असं नको विचारू… नको ना… आधी तू मला सांग, तू वर आहेस की खाली?… कळलंय तुला मी काय विचारतेय ते… नसेल खांब बोटीवर. निम्मं काम हातात असलं, म्हणजे वरच की माणूस.

तुझी आजी गेली तेव्हा हे चौकातल्या खांबावर होते. मी निरोप घेऊन धावत गेले आणि खाली नुसती उभी राहिले. पक्कड मागितली, पक्कड दिली. चिकटपट्टी मागितली, ती दिली. वरून चेष्टा करत होते माझी, आज स्वारी एवढी गप्प कशी म्हणून. दोन्ही पाय जमिनीला लागले, तेव्हा सांगितलं. ढसाढसा रडले. मग म्हणाले, ‘बरं केलंस. वर चढलेल्याला खालून काही सांगायचं नाही.’ तेव्हापासून आपल्या घरात… हो. तुलाही माहितीये.

म्हणून विचारतेय… वर आहेस… बरं.

मग मी काही सांगत नाही.

…

आहे रे मी. इथेच आहे… रडू नको. बाळा, रडू नको, हात कापतील तुझे. पाणी पी. तोंड धू… हो… हो, ऐकतेय.

फार अभिमान रे त्यांना तुझा. पोरगाही केबललाच आहे, असं सांगत सुटायचे… सांगतात रे, सांगतात. केबल म्हटलं की कोणाला स्कूटरच्या ब्रेकची वाटायची, लिफ्टवाल्याला लिफ्टची. शेजारचे तर म्हणाले, आमचं चॅनेल दिसत नाही, मुलाला पाठवा. त्यावर हे म्हणाले, ‘त्याची केबल समुद्राच्या तळाशी असते, तुमच्या गच्चीवर नाही!’… हं, हस जरा. हस.

तू येईपर्यंत थांबाल का, म्हणतोस?… मी थांबेन की. मी कुठे जातेय… बाकीचं… बाकीचं उतरल्यावर बोलू.

जा आता. सावकाश जोड. झालं की फोन कर. आधी म्हणायचं, ‘आई, उतरलो.’ मग सगळं सांगेन, अगदी पहिल्यापासून… नाही, एकटी नाही. आत्या आहे ना… हो, वाटतं रे. फार एकटं वाटतं. पण तू आधी उतर. मी ही केबल दाबून इथेच उभी आहे…

हॅलो?… हॅलो? ऐकू येतंय का?…

…

गेले रे. सकाळीच गेले तुझे बाबा.

…

नाही हो वन्सं, कुठली सांगतेय त्याला. फोन मगाशीच कट झालाय… नुसतं म्हणून बघत होते. तो उतरल्यावर तोंडातून निघायला हवं ना.